तुपात मळलेलं औषध

म्वान्झा, १४ मार्च

मासेले,

आई जिवंत आहे. मिशनच्या दवाखान्यातून सिस्टर व्हेनेरांडाने आज सकाळी साडेनऊला फोनवर सांगितलं. डावा हात मनगटापासून गेला. उजव्या खांद्यातला घाव हाडापर्यंत पोचलाय, पण हाड शाबूत आहे. डोक्यावरचा घाव कवटीने अडवला. सिस्टर म्हणाली, "तुझ्या आईची कवटी बैलाची आहे." तिला मला हसवायचं होतं. मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो.

तुला कळवतोय ते एवढ्यासाठीच, की आता तुझ्यावर खुनाचा नाही, खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लागेल. तुरुंगात हे तुला कुणी सांगणार नाही. यात माया शोधू नकोस.

मला जे कळलं ते लिहितो. चुकत असेन तर सांग. मंगळवारी सकाळी, दूध काढून झाल्यावर, तू आणि मिलेम्बेचे दोघे भाऊ गोठ्यापाशी गेलात. आई शेण गोळा करत होती. पहिला घाव तुझा. तिने तोंड झाकायला हात वर केला, आणि तोच गेला. मग तिने हाक दिली. चोर आला, तरस आलं, आग लागली की देतात ती हाक. आपल्या बुसेलेकात ती ऐकून जो हातातलं टाकून धावत नाही, त्याच्याशी गाव बोलणं सोडतं, त्याच्या मयताला खड्डा खणायलाही कुणी जात नाही. आईने तीनदा हाक दिली. बांधापलीकडे कापूस खुरपणाऱ्या नऊ बायका होत्या. एकीनेही मान वर केली नाही. हे मला तुझ्या बायकोनेच, मिलेम्बेनेच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही.

आई वाचली ती एका परक्या माणसामुळे. फवारणीचे डबे घेऊन चाललेला कुणी मोटारसायकलवाला होता. त्याला आपल्या गावातलं काही माहीत नव्हतं, म्हणून तो थांबला. त्याने कमरेचा पट्टा काढून तिच्या दंडाला आवळला, तिच्याच अंगावरच्या कापडाने तिला आपल्या पाठीशी बांधलं आणि वीस किलोमीटर नेलं. त्याचे डबे अजून तिथेच पडलेत म्हणे.

लोक म्हणतात आईला दाढी आली होती, आवाज बाप्यासारखा झाला होता, आणि तिने तुझ्या चार वर्षांच्या लिमीवर करणी करून तिच्या ओठावर लव आणली. अरे, म्हातारपणी बायकांच्या हनुवटीवर चार केस येतातच. माझ्या औषधाच्या दुकानात अशा बायका रोज येतात. चार केसांवरून कुणी जन्मदात्रीला तोडत नाही. तू लिमीचा बाप आहेस हे मला समजतं. तू आईचा मुलगा आहेस, हे तुला त्या सकाळी एकदा तरी आठवलं का?

लुहेंडे


म्वान्झा, ३ एप्रिल

मासेले,

तू उत्तर दिलं नाहीस. पहारेकरी म्हणतो, तू पत्र दोनदा वाचलंस, घडी घातलीस आणि बुडाखाली घेऊन बसलास. ठीक आहे. बस.

काल आई नीट बोलली. मी तिच्यासाठी ताकातली पातळ लापशी नेली होती. तिने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "शहरात राहून तुझा हात बिघडला." बायकांच्या वॉर्डात तिच्याभोवती पडदा लावलाय. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तक्रार केली होती, की पडद्यामागे कुणी पुरुष आहे, रात्रंदिवस बोलतो. सिस्टरने हे आईला सांगितलं. आई तिच्या त्या जाड आवाजात म्हणाली, "तिला म्हणावं, बाप्याला एवढं कुणी तोडत नाही. घाबरू नकोस, बाईच आहे."

पोलीस आले होते. जबाब लिहून घेणाऱ्या इन्स्पेक्टरला तिने सांगितलं, "कोण होतं ते दिसलं नाही. ऊन डोळ्यात होतं."

तो म्हणाला, "मायबाई, तुझा मुलगा कबूल झालाय."

"मग मला कशाला विचारतोस?"

तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, त्याने तुझा हात तोडला आणि तू त्याला वाचवतेस? तिने मला आधी पडदा नीट ओढून घ्यायला लावला. मग म्हणाली, "तो मला मारत नव्हता, लुहेंडे. तो लिमीला सोडवत होता. माझी पोर असती तर मीही तेच केलं असतं." आणि नंतर असं काही विचारलं की तेव्हापासून मला झोप नाही. "खरंच मी काही केलं असेल का रे? माझ्या नकळत?"

एवढं मी तुला लिहिणार नव्हतो. लिहिलं.

डॉक्टर किलेओ म्हणून एक तरुण डॉक्टर आहे, किलिमांजारोकडचा. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "दाढी कधीपासून? आवाज कधी बदलला? घरात कुणी काही औषध घेतं का?" मी म्हटलं, वय झालंय तिचं. तो म्हणाला, "वय माझ्याही आजीचं झालंय." तिला आणलं त्या दिवशीचं रक्त त्याने ठेवून दिलं होतं. ते आणि आत्ताचं, दोन्ही तो तपासायला पाठवणार आहे.

त्या मुसळाचं तूही विसरला नसशील. माझ्या मते गावाचं मन तिथेच फिरलं. बाबा गेल्या वर्षी पुन्हा कुदळनाचात उतरले होते. एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्याएवढ्या चिखलात, कुदळ आभाळात फेकून झेलत. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस खाटेवरून उठताना भिंत धरत होता. लोक टाळ्या वाजवत होते. आणि नाच संपल्यावर सगळ्यांसमोर बाबांनी न्यांझालाशी लग्न करायला तिच्या बापाला पंधरा गाई कबूल केल्या. न्यांझाला, तेवीस वर्षांची! आई ज्वारी कांडत होती. ती मुसळ घेऊन मैदानात आली आणि बाबांच्या कपाळावर घातलं. रक्ताची धार लागली. बाबा मटकन खाली बसले आणि हसत सुटले. "क्वांडू!" ते आईचं नाव घेत ओरडले, "अगं, तुझ्यात बैल शिरलाय! बघा रे, माझ्या बायकोत बैल शिरलाय!"

थट्टा होती ती. पंचेचाळीस वर्षं ते तिची अशीच थट्टा करतात. पण मैदानात कुणी हसलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक तिच्या हनुवटीकडे बघायला लागले.

बाबांना मी ताकदीचं औषध पाठवत होतो, हे तुला माहीतच आहे. म्हाताऱ्या पुरुषांसाठी असतं. शहरात बरेच जण घेतात.

लुहेंडे


म्वान्झा, २९ एप्रिल

मासेले,

लिमीच्या ओठावरची लव आणखी दाट झाली आहे. मी गुरुवारी घरी गेलो होतो. पोरीला अंगणातल्या उजेडात नेऊन स्वतः पाहिलं. दंडावरही आहे. सात आठवडे आई तिच्या वाऱ्याला नाही. तरी वाढते आहे.

मिलेम्बे माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "म्हणजे अजून कुणीतरी आहे."

मी म्हटलं, "म्हणजे आई नव्हती."

"आई होतीच, भावजी. आता दुसरीला देऊन गेली." आणि तिने मान वळवून न्यांझालाकडे पाहिलं.

तिचं आणि बाबांचं लग्न आई दवाखान्यात असतानाच लागलं, हे तुला बहुतेक कळलं नसेल. न्यांझाला वाईट मुलगी नाही. मी तिला रीतसर 'धाकटी आई' म्हटलं तर म्हणाली, "नको ना तसं म्हणू. तुझ्या दाढीत पांढरं आहे." हसताना तिचा आवाज फाटला. सर्दी झाल्यासारखा. म्हणाली, महिन्याभरापासून असाच आहे. मी तिच्या हनुवटीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी पाहिलं. तीन केस होते. मिलेम्बेने ते आधीच मोजलेले होते.

मी रात्र होण्याआधी निघणार होतो, पण निघालो नाही. सकाळी काय चालतं ते मला बघायचं होतं. तसं मला ते माहीत होतं.

बाबा उघड्या अंगाने खाटेवर पालथे झोपले. त्यांचा उजवा खांदा बैलगाडीखाली गेल्यापासून मागे वळत नाही, त्यामुळे पाठ दुसऱ्यानेच चोळावी लागते. न्यांझालाने वाडग्यात गाईचं तूप घेतलं. त्यात माझ्या बाटलीतलं मलम पिळलं, बोटांनी मळलं, आणि दोन्ही तळव्यांनी त्यांच्या खांद्यांना, पाठीला, दंडांना जिरवलं. चांगला अर्धा तास. वाडग्यात राहिलेलं तिने आपल्या हातापायांना पुसलं. तूप वाया घालवायचं नसतं. आईने तिला लग्नाआधीच शिकवलं होतं म्हणे, "म्हाताऱ्याला नुसतं औषध चोळलं तर कातडी सुकते, तुपात मळायचं." मग लिमी धावत आली आणि आजोबांच्या उघड्या खांद्यावर चढून बसली. ते तिला तसंच घेऊन गुरांमागे गेले. दुपारपर्यंत पोरगी त्यांच्या पाठीला गाल लावून होती.

आता वाच, मासेले. डॉक्टर किलेओचा निकाल शनिवारी आला. आईला आणलं त्या दिवशीच्या रक्तात पुरुषाच्या अंगात असतो तो हार्मोन होता, धडधाकट जवान पुरुषाएवढा. नंतरच्या रक्तात नाही. किलेओ म्हणाला, "तिच्या शरीराने केला असता तर अजून असता. बाहेरून येत होता. दवाखान्यात आली आणि थांबला. कुठून येत होता, तेवढं कुणीतरी मला सांगा." तो माझ्याकडे बघत होता.

मलमातून येत होता. वय झालं की पुरुषाच्या अंगातला हा रस आटतो. तो बाहेरून देतात, कातडीतून जिरवतात. ज्याला लावायचा त्यालाच लागला पाहिजे. दुसऱ्याच्या कातडीला लागला तर तिच्यातही जिरतो. बायकांना दाढी येते, आवाज बसतो, आणि बसलेला आवाज पुन्हा उठत नाही. लहान पोरांचं फार वाईट होतं. हे सगळं पेटीतल्या कागदावर छापलेलं असतं: हात साबणाने धुवा, जागा कपड्याने झाका, बायकामुलांना लागू देऊ नका. तो कागद मी काढून टाकत होतो. पेट्या सीमेपलीकडून चोरून येत, आणि त्याच कागदावर त्या दुसऱ्या देशातल्या सरकारी दवाखान्याचा शिक्का असे. कागद दिसला असता तर माझं दुकान बंद झालं असतं. तोंडी सांगेन म्हणालो होतो. बाबांना सांगायला गेलो तेव्हा ते कुदळनाचाच्या गोष्टी सांगत होते. राहून गेलं.

अजून आहे.

जानेवारीत मी आलो होतो, आठवतं? तू शेतावर होतास. आईने दाराशी मला बघितलं आणि पदरासारखं कापड तोंडावर ओढलं. मी ते बाजूला केलं. काळी, राठ दाढी, गालापर्यंत. मी औषधं विकतो, मासेले. मला तिथल्या तिथे कळलं. एका क्षणात.

ती म्हणाली, "मला काय झालंय?"

मी म्हटलं, "वयाने होतं."

आणि माझ्या पिशवीतला वस्तरा तिला दिला. म्हटलं, कुणी उठायच्या आत करत जा, कुणाला कळणार नाही.

मी त्या वेळी 'चोळणं थांबव' एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं. पण का थांबव, हे बाबांनी विचारलं असतं. मग गावाने. मग दुकानात तपासणी. मी म्हटलं, फेब्रुवारीत येऊन हळूच सांगेन. फेब्रुवारीत आणखी तीन बाटल्या पाठवल्या.

त्याच जानेवारीत ती म्हणाली होती, "अंगातून जाळ निघतो रे. दहा वर्षं झाली, अजून निघतो. हाडं दुखतात. बायकांसाठी असलं काही नसतं का?" असतं. पट्ट्या असतात, गोळ्या असतात. माझ्याच कपाटात होत्या, मुख्याध्यापिका नेतात, बँकेतल्या बाई नेतात. तिच्या वयाला सुरू करणं बरं की वाईट, हे एखाद्या डॉक्टरला विचारता आलं असतं. मी हसलो. म्हटलं, तुला आता कशाला, त्रेसष्ट झाली तुझी.

"तुझ्या बापाला एकाहत्तराव्या वर्षी कशाला?"

मी चहा मागितला. आई वाडग्यात मुद्दाम जास्त उरवून स्वतःला लावायची असं न्यांझाला म्हणाली; का, हे आता मला समजतं. म्हाताऱ्याला जोर आला, तसा आपल्यालाही येईल, असं तिला वाटलं. आलाही.

शुक्रवारी दुपारी ते परतल्यावर मी मलमाचं सगळं बाबांना सांगितलं. म्हटलं, आजपासून बंद. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बंद? तू बंद हो." मी बाटल्या उचलायला वाकलो तर त्यांनी गुरांची काठी घातली. मी पडलो, तरी थांबले नाहीत. दोन बरगड्या मोडल्यात, किलेओने फोटो काढून सांगितलं. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि माझ्या म्हाताऱ्या बापाने मला अंगणात गुरासारखं बडवलं. आणि ते दमले नाहीत. दमायला हवे होते. न्यांझाला मध्ये पडली नसती तर हे पत्र लिहायला मी नसतो.

मी जमिनीवरून म्हटलं, "आईचा हात यापायी गेला."

"गेला तो गेला. गावात एक शब्द बोललास तर बघ. तुझ्या बापाची, गामायाची, ताकद बाटलीतली होती म्हणतील लोक!"

तुझ्याकडून मला काही नको. फक्त हे माहीत असू दे, की आईने काही केलं नव्हतं. मी केलं.

लुहेंडे


मिशनचा दवाखाना, १० मे

मासेले,

तुझं पत्र आज सिस्टर व्हेनेरांडाने हातात दिलं. मी आईला वाचून दाखवलं नाही. तुझ्याच ओळी उतरवतो, म्हणजे मी त्या वाचल्या हे तुला कळेल:

"दादा, वस्तरा तू दिला होतास? केस मला डिसेंबरपासून दिसत होते. मी आईला म्हणालो होतो, पाऊस थांबला की तुला दवाखान्यात नेतो. मग जानेवारीत केस गेले. मला वाटलं, बरी झाली. मार्चमध्ये मिलेम्बेने तिला शेळ्यांच्या कुंपणाआड वस्तरा फिरवताना पाहिलं. केस होते म्हणून मी कोयता उचलला नाही. ती लपवत होती म्हणून उचलला. ज्याने काही केलेलं नसतं तो लपवत नाही, असं मला वाटलं. मी माझी शिक्षा भोगीन. तू न्यांझालाच्या वेळी तरी तोंड उघड."

पुढचं सांगतो, कारण तुला गावातून कुणी कळवणार नाही.

सोमवारी म्हातारा देवऋषी न्हांडी आपल्या घरी आला होता. मिलेम्बेने बोलावलं. लिमीची थुंकी लावलेलं कोंबडीचं पिल्लू त्याने उभं चिरलं, आतडी उलगडून पाहिली आणि म्हणाला, "जुनी गेली, घर रिकामं राहिलं नाही." नाव घेतलं नाही. त्याला घ्यावं लागलंच नाही. त्याच संध्याकाळी न्यांझालाच्या झोपडीवर दगड पडले. मंगळवारी विहिरीवर बायकांनी तिची घागर फोडली आणि तिला धरून हनुवटी उजेडात केली. बुधवारी तिने माझ्या फोनवर निरोप ठेवला. तो तिचा आहे हे ओळखायला मला वेळ लागला, आवाज इतका खाली गेलाय. म्हणाली, "मोठ्या मुला, तुझा बाप मला वाचवणार नाही. मी औषध चोळायचं नाही म्हटलं तर त्याने मला भिंतीवर आपटलं. आता स्वतःच काठीला फडकं बांधून चोळतो. तू ये."

सिस्टर काल मिशनची गाडी घेऊन तिला आणि लिमीला आणायला गेली होती. गावच्या राखणदारांनी पुलावर काटेरी फांद्या टाकून वाट अडवली होती. सभा होईपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. मिलेम्बेचा धाकटा भाऊ जामिनावर सुटलाय. तो तिथेच फांद्यांपाशी बसून ऊस सोलत होता. सिस्टरला म्हणाला, "रविवारी या, सिस्टर. प्रार्थना म्हणायला लागेलच कुणीतरी."

सभा रविवारी आहे, न्यांझालाचा निवाडा तिथेच व्हायचाय. मी राखणदारांचा मुख्य माहोना याला फोन केला. तुला माहीत आहे, माणूस कडक आहे पण ऐकतो.

"न्हांडीच्या आधी मला बोलू दे," मी म्हटलं.

"काय बोलणार?"

मी सांगितलं. सगळं. बाटली, तूप, कागद, वस्तरा.

"लुहेंडे," तो म्हणाला, "म्हणजे तू पाठवलेल्या औषधाने बायकांना दाढ्या आल्या."

"हो."

"हे तू भर सभेत म्हणणार."

"हो."

"अरे वेड्या, मग ते तिला सोडतील आणि तुला धरतील. औषध पाठवून बायकांचे बाप्ये करणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात?"

"म्हणू देत. तिला सोडतील ना?"

"तुझ्या बापाने 'खोटं आहे' म्हटलं तर नाही."

बाबा 'खोटं आहे' म्हणणार, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून आईने काल जे केलं ते लिहितो. मी तिला सगळं सांगितलं होतं, तिच्या खाटेपाशी बसून. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने उजव्या हाताने माझ्या मुस्काटात मारली. खांद्याची भरत आलेली जखम उलली, सिस्टर धावत आली. दुसरी मारायला तिने पुन्हा हात उचलला, तो उचलवला नाही. मग म्हणाली, "मी येते सभेला."

मी म्हटलं, ते तुला मारतील.

"तुझा बाप माझ्यासमोर 'खोटं' म्हणत नाही. पंचेचाळीस वर्षांत म्हणाला नाही. मागे म्हणतो, समोर नाही." आणि सिस्टरला म्हणाली, "माझी दाढी करू नका. तशीच राहू दे. दोन महिन्यांत पुन्हा किती उगवली आणि किती नाही, ते त्यांना मोजू दे."

किलेओ येतोय. रक्ताचे दोन्ही कागद आणतोय. त्याला आपली भाषा नीट येत नाही, मीच सांगेन. इन्स्पेक्टरला मी तीन पानी कबुली लिहून दिली. त्यावर सही केली तेव्हा तो म्हणाला, चोरटं औषध विकल्याबद्दल मला अटक करावी लागेल. मी म्हटलं, रविवारी कर, बुसेलेकात, आणि चार माणसं जास्त आण. तो हसला नाही.

दुकान कालपासून बंद आहे. किल्ली किलेओकडे दिली. कपाटात आहे ते सगळं त्याने मोजून घ्यावं.

लिमीबद्दल त्याला विचारलं. तो म्हणाला, मलम लागणं थांबलं तर पोरीचं बरंचसं मागे फिरेल. आईचा आवाज फिरणार नाही. न्यांझालाचं सांगता येत नाही. लवकर थांबलं तर फिरेल.

न्यांझालाला मी निरोप दिलाय: सभेत माझ्या मागे उभी राहू नकोस. माहोनाच्या बाकाला खेटून बस, तिथे कोयता फिरवायला जागा नसते. लिमीला मांडीवर घेता आलं तर घे. मिलेम्बे घेऊ देणार नाही, तरी बघ.

पुलावरच्या फांद्या माहोना सातला काढायला लावेल, आईची गाडी येण्यापुरत्या. आठला तो शिंग फुंकेल. आधी मी बोलणार, मग आई, मग बाबांना विचारतील, आणि त्यानंतर न्हांडी दुसरं पिल्लू चिरणार. जिल्ह्याहून पोलिसांची गाडी दहाच्या आत पोचत नाही, असं इन्स्पेक्टरने मला दोनदा सांगितलं.

लुहेंडे